रॉरीच्या खालची जागा

ग्लेनार्बर कुरण,
३ नोव्हेंबर २००३

श्री. तामाती पाराता यांना,
नमस्कार.

आपली ओळख नाही. मी एल्स्पेथ मॅकीव्हर, हेक्टर मॅकीव्हर यांची मुलगी. बाबा जुलैमध्ये गेले. आदल्या दिवशीपर्यंत खिडकीतून कुत्र्यांवर ओरडत होते, तेव्हा फार हाल झाले नाहीत असंच म्हणायचं.

पत्र लिहायला दोन कारणं आहेत. एप्रिलनंतर आमचा वरचा सगळा डोंगर सरकार परत घेतंय, राखीव रान करायला. आमच्याकडे उरेल ती नदीकाठची सपाटी आणि गुरं. ज्या कुरणावर एके काळी तीस हजार मेंढ्या चरल्या, त्यातलं निम्मं जाणार, तर त्याचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवायला हवा. घरात दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून मीच लिहितेय. पहिलं प्रकरण सोबत पाठवते. मार्चअखेर छापखान्यात द्यायचंय.

दुसरं कारण जरा विचित्र आहे. बाबांच्या खणात पावत्यांचा एक गठ्ठा सापडला. १९५८ पासून दर एप्रिलमध्ये एक अख्खं सोललेलं मेंढरू टिमारूला, तुमच्या पत्त्यावर. शेहेचाळीस मेंढरं! लहानपणी मी विचारलं की बाबा "जुना दोस्त आहे" म्हणायचे आणि विषय बदलायचे. बाबा काही दानशूर म्हणून प्रसिद्ध नव्हते. माझ्या दहाव्या वाढदिवसाला त्यांनी मला घोड्याचा दोर दिला होता, तोही वापरलेला. म्हणून विचारते, तुम्ही कोण? जुन्या यादीत तुमचं नाव दिसतं, १९५३ ते ५७, डोंगरावरच्या गड्यांमध्ये.

तुम्ही ५७ साली इथे होतात, तर एक गोष्ट सांगाल का? त्या एप्रिलच्या उतरणीत, हिवाळ्याच्या तोंडावर मेंढ्या बर्फाआधी खाली आणताना, माझे रॉरीकाका धुक्यात कड्यावरून पडून गेले. बाबांच्या रोजनिशीत एवढंच आहे: "रॉरी गेला. एका माणसाने जागा सोडली." तो माणूस कोण, हे दरीत कुणी सांगत नाही. उतरणीच्या रांगेतली आपली जागा धुक्यात सोडायची नाही हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही कळतं. मला त्याचं नाव पुस्तकात घालायचंय. असल्या माणसाला बिननावाचं सोडणं बरं नाही.

आपली,
एल्स्पेथ मॅकीव्हर

*

टिमारू,
१४ नोव्हेंबर

एल्स्पेथबाई,

हेक्टर गेल्याचं कळलं होतं. वर्तमानपत्रात मी आधी तेच पान वाचतो, आपलं नाव नाही ना ते बघायला. तुझा बाप चांगला माणूस होता. मटणही चांगलं असायचं. ७४ सालचं तेवढं चिवट होतं.

तुझं प्रकरण वाचलं. अक्षर सुरेख. पण पहिल्याच ओळीत लिहितेस, "१८५९ साली अँगस मॅकीव्हर आले तेव्हा ही दरी निर्मनुष्य होती." बरं. मग पूर आलेल्या नदीत बैल कुठून घालायचे, हे अँगसला दाखवलं ते कुणाच्या भुतानं? ते माझे पणजोबा होते. उन्हाळ्यात आमची माणसं, अँगसच्या कितीतरी पिढ्या आधीपासून इथली, तुमच्या खालच्या डबक्यावर वामी मासे धरायला यायची. अँगस तीन दिवस त्यांच्याच हातचं खाऊन जगला. आमच्या घरात सांगतात की तो फार खायचा.

मी कोण म्हणतेस. मी त्या डोंगरावर पाच वर्षं काढली, सोळाव्या वर्षापासून. नंतर इथल्या कत्तलखान्यात तीस वर्षं. म्हणजे सगळा जन्म मेंढरांतच गेला, आधी त्यांना जिवंत ठेवण्यात आणि मग उलट. आता गुडघे गेलेत. मुलगी सांभाळते आणि रागावते.

त्या माणसाचं म्हणशील तर जाऊ दे. सत्तेचाळीस वर्षं होत आली. हेक्टरनं "एका माणसाने" लिहिलंय, तसंच ठेव. बापाच्या हातचं वाक्य आहे, त्यावर काय हात फिरवायचा.

कातरणीच्या शेडवर काही हवं असेल तर विचार. कोण किती कातरायचा आणि कोण किती सांगायचा, दोन्ही आकडे माझ्याकडे आहेत.

तामाती पाराता

*

ग्लेनार्बर,
९ डिसेंबर

तामातीकाका,

काका म्हटलं तर चालेल ना? "श्रीमान" लिहायला लागले की तुम्ही समोर बसून हसताय असं वाटतं.

"निर्मनुष्य" खोडलं. तिथे आता तुमचे पणजोबा उभे आहेत, आणि अँगस जेवतोय. छापखानेवाला म्हणाला, आधीचं भारदस्त होतं. म्हटलं, भारदस्त होतं पण खोटं होतं.

तुमची पत्रं मी जेवताना मोठ्यांदा वाचते. घरात मी एकटीच असते, पण भिंतीवर रॉरीकाकांचा फोटो आहे, त्यांना ऐकवते. मागच्या पत्रातला शेडचा स्वयंपाकी आणि डुकराचा किस्सा ऐकून तेसुद्धा हसले असावेत.

आता कातरणीचं प्रकरण लिहून संपलं, तेव्हा उतरणीचं प्रकरण घेते. त्याचं मला लहानपणापासून वाकडं आहे. माझा वाढदिवस १९ एप्रिल, म्हणजे उतरणी संपली की लगेच. आई केक करायची आणि बाबा नेमके त्या दिवशी शेड झाडायला जायचे. झाडलेली शेड पुन्हा झाडायचे. आई म्हणायची, भावाची आठवण येते त्यांना. मला आपलं वाटायचं, मुलगा हवा होता.

उद्या खालच्या गावी ऑसी ड्रमला भेटायला जातेय. तेव्हा डोंगरावर स्वयंपाकाला तोच होता ना? अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे, पण तोंड अजून चालतं म्हणतात. त्या माणसाचं नाव तो तरी सांगेल.

तुमची,
एल्स्पेथ

*

ग्लेनार्बर,
११ डिसेंबर

श्री. पाराता,

ऑसीनं नाव सांगितलं.

म्हणाला, खोपीत शेगडीभोवती सगळे बसलेले असताना तुम्ही स्वतः कबूल केलंत. रॉरीकाकांच्या खालची जागा तुमची होती आणि ती तुम्ही सोडलीत. बाबांनी तुम्हाला दुसऱ्या दिवशी काढलं आणि डोंगराकडेच्या एकाही कुरणावर तुम्हाला पुन्हा कुणी उभं केलं नाही.

मी तुम्हाला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. तुम्ही मला वामी आणि डुकराच्या गोष्टी सांगत बसलात. त्या मी रॉरीकाकांच्या फोटोसमोर वाचल्या, हसत हसत. याची मला किती लाज वाटतेय ते तुम्हाला कळणार नाही.

बाबांनी तुम्हाला माफ केलं, वर आयुष्यभर खायला घातलं. ते त्यांचं मन. माझं तेवढं मोठं नाही. नाव पुस्तकात जाईल.

एल्स्पेथ मॅकीव्हर

*

टिमारू,
२० डिसेंबर

एल्स्पेथबाई,

खरं आहे. मी जागा सोडली. नाव घाल.

म्हाताऱ्या ऑसीला आता जास्त छळू नकोस. त्याचं वय झालंय, काहीबाही आठवतं त्याला.

नाताळच्या शुभेच्छा.

तामाती पाराता

*

ग्लेनार्बर,
२ मार्च २००४

तामातीकाका,

अडीच महिने मी तुम्हाला लिहिलं नाही. आजही कसं लिहावं कळत नाही, म्हणून जे पाहिलं तेच सांगते.

वरची खोप सरकारला द्यायची, तर आतल्या सामानाची यादी हवी होती. परवा घोड्यावरून गेले. तुम्हाला ती भिंत आठवत असेल. मेंढ्यांवर खूण करायच्या गेरूनं शंभर वर्षं गड्यांनी आपापली नावं आणि सालं लिहिलीत. रॉरीकाकांचं नाव सापडलं. त्याच्या खाली पत्रा सुरीनं खरवडलाय. नाव गेलं, पण सालं तेवढी वाचता येतात, ५३ ते ५६. दिवसभर मला तो ओरखडा बघून बरं वाटत होतं. हे कबूल करते.

मग पिठाचं कपाट बाजूला ओढलं. मागच्या भिंतीवर ऑसीची पेन्सिल. तो रोजची हवा, मेंढ्यांचा आकडा आणि किती पाव भाजले ते लिहायचा. त्याच्यात हे होतं, जसंच्या तसं उतरवते:

"१२ एप्रिल ५७. दाट धुकं. पाव नऊ. दुपारी ससे मारणारा गडी घोड्यावरून आला, घरी बाईंना कळा सुरू. सोंडेच्या पायथ्याशी हेक्टर भेटला, तसाच खाली गेला. रॉरी अजून नाही. तामाती अजून नाही."

काका, मी तिथे पिठात बसून बोटांवर मोजलं. १२ तारखेला आईला कळा आल्या आणि मी १९ ला जन्मले? आठवडाभर? मी आयुष्यभर मेंढ्यांची बाळंतपणं केलीत, मला कुणी हे सांगू नये.

आणि सोंडेवर रांग होती ती अशी: सगळ्यांत वर रॉरीकाका, मग तुम्ही, मग बाबा. बाबा घरी निघून गेले तेव्हा तुमच्या खाली कुणीच नव्हतं.

ऑसीकडे पुन्हा गेले. म्हणाला, "आपण काय ते लिहिलं ना, आता वाचणाऱ्यानं वाचावं. सत्तेचाळीस वर्षांत कपाट कुणी हलवलं नाही, त्याला मी काय करू?"

आता मी तुम्हालाच विचारते, आणि या वेळी वामी नकोत. मी कधी जन्मले? आणि पहिल्यांदा जागा कुणी सोडली?

एल्स्पेथ

*

टिमारू,
११ मार्च

पोरी,

त्या ऑसीला मी दहादा सांगितलं होतं, भिंतीवर पावांचा हिशोब ठेवू नकोस म्हणून.

तू बारा एप्रिलला जन्मलीस. दुपारी चारच्या सुमाराला, हेक्टर म्हणाला.

आता ऐक. नियम तुला ठाऊक आहेच, पण तो कुठे फसतो ते तुझ्या वयाच्या कुणाला ठाऊक नाही, कारण त्या दिवसानंतर तो बदलला. धुकं आलं की बसायचं, आपल्या कुत्र्यांना धरून. अधूनमधून खालच्याला हाक मारायची. तो "आहे!" म्हणाला की झालं. तीनदा हाक मारून उत्तर नाही आलं तर मात्र खाली जायचं, कारण तो पाय मोडून पडला असणार. दुसरं काही कारण असूच शकत नाही, असं आम्ही धरून चालायचो. माणूस आपल्या पायांनी निघून जाईल हे नियम करणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी हेक्टरला हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. काही नाही. मी उतरायला लागलो, घसाऱ्यावरून, बसत बसत. पाऊण तास त्याला शोधत होतो, मेला असेल या भीतीनं. आणि तेवढ्यात वर रॉरीनं मला हाक मारली असणार. एकदा, दोनदा, तीनदा. मग तो मला शोधायला निघाला. माझ्या आणि त्याच्यामध्ये तो कडा होता.

म्हणजे बघ, कुणीच चुकलं नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं छातीवर बसलंय. कुणाची मोठी चूक असती तर त्याला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

तुझा बाप न सांगता गेला नाही. निरोप आल्यावर त्यानं मला ओरडून सांगितलं, "तामाती, मी जातोय!" आणि त्याला वरून उत्तर आलं. तो शपथेवर सांगायचा की आलं. ते कड्यानं दिलं, मी नाही. बायको बाळंत होतेय, पहिलंच मूल, आधीची दोन पोटातच गेलेली. अशा माणसाला धुक्यात काय ऐकू येईल, सांग बघू. जे ऐकायचं असतं तेच.

अंधार पडताना तो खोपीत परत आला, हसत, खिशात बाटली घेऊन. "मुलगी झाली!" म्हणाला. खोपीमागे घोड्याच्या पाठीवर रॉरीचा देह होता, ते त्याला अजून कळलं नव्हतं.

ऑसीनं विचारलं, "जागा कुणी सोडली?" त्यानं वाईट मनानं नाही विचारलं, तो प्रश्न विचारायचाच असतो. हेक्टरनं तोंड उघडलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. तो बोललाच असता, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. पण मी आधी बोललो. म्हटलं, मी. खोटं नव्हतंच ते. माझीही जागा सुटली होतीच.

का बोललो विचारशील. मी वीस वर्षांचा होतो, माझ्यामागे कुणी नव्हतं, दुसरीकडे काम मिळेल असं वाटलं. आणि ही दरी मला माहीत होती. इथे लोक स्वतःचं तेवढं विसरतात, दुसऱ्याचं काही नाही. तू शाळेत गेली असतीस, लग्नाला उभी राहिली असतीस, तरी कोपऱ्यात कुणीतरी म्हणालं असतं, हीच ना ती, हिच्यापायी रॉरी गेला. दोन तासांच्या पोरीच्या गळ्यात कोण बांधणार हे?

ऑसीनं भिंतीवर लिहिलेलं नंतर त्यालाच खटकलं असणार. कपाट तिथे त्यानंच सरकवलं, हे तुला तो सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी हेक्टर मला नदीपर्यंत सोडायला आला. रडला. म्हणाला, मी सगळ्यांना सांगतो. मी म्हटलं, आता सांगून रॉरी उठणार आहे का? पोरीची तारीख तेवढी बदल, खोपीतली माणसं तोंड उघडणार नाहीत. त्यानं बदलली. माझा सल्ला त्यानं ऐकला तो तेवढा एकच.

मला राग आला नाही असं समजू नकोस. फार आला. डोंगराकडेच्या सहा कुरणांवर गेलो, सहा ठिकाणी दारातूनच परत पाठवलं. कत्तलखान्यात पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी बाहेर येऊन मी पश्चिमेला बघायचो, डोंगर दिसतात का ते. स्वच्छ दिवशी दिसतात, तेच वाईट. हेक्टरनं पाठवलेलं मटण पहिली दोन वर्षं शेजाऱ्यांना वाटून टाकलं. तिसऱ्या वर्षी खाल्लं. चवीला इतकं छान होतं की आणखीच राग आला.

त्याच्याबरोबर कधी चिठ्ठी नसायची. पण कापडात गुंडाळायच्या आधी तो पुठ्ठ्यावर गेरूनं एक आकडा लिहायचा. पहिल्या वर्षी एक. मग दोन, तीन. मला वाटायचं मेंढरांची मोजणी आहे. दहाव्या वर्षी बायकोनं ओळखलं. म्हणाली, अहो, त्या पोरीचं वय आहे हे.

तेव्हापासून दर एप्रिलला आमच्या घरी तुझा वाढदिवस व्हायचा. बरोबर तारखेला. माझ्या पोरांना वाटायचं तू कुणी नातेवाईक आहेस.

हे छापू नकोस. हेक्टर आता उत्तर द्यायला नाही. माझं नाव राहू दे, मला त्याची सवय झालीय.

तामाती

*

ग्लेनार्बर,
२४ मार्च

तामातीकाका,

तुमचं पत्र घेऊन तीन दिवस हिंडले. घोड्यावर वाचलं, गोठ्यात वाचलं. एका गाईनं त्याचा कोपरा खाल्ला.

पहिल्यांदा बाबांचा राग आला. शेड झाडत बसायचे, केरसुणी हातात घेऊन! मला एकदा सांगायचं होतं ना. मग पुठ्ठ्यावरच्या आकड्यांचा विचार केला आणि तो राग टिकेना. माझा वाढदिवस त्यांना घरात करता येत नव्हता, म्हणून ते तो तुमच्याकडे पाठवत होते. तो एका घरी तरी होत होता. मी इतकी रडले की कुत्री दारात येऊन उभी राहिली.

तुम्ही म्हणता छापू नकोस. काका, या बाबतीत मी तुमचं ऐकणार नाही, मॅकीव्हरांनी तुमचं एकदा ऐकलं तेवढं पुरे. उतरणीच्या प्रकरणाचं शेवटचं पान बदललंय. त्यात असं आहे:

"१२ एप्रिल १९५७ रोजी या कुरणावर दोन गोष्टी झाल्या. माझा जन्म झाला आणि रॉरी मॅकीव्हर गेले. माझे वडील माझ्यासाठी खाली उतरले, तामाती पाराता माझ्या वडिलांना शोधायला उतरले, आणि रॉरीकाका तामाती पारातांना शोधायला उतरले. प्रत्येकानं खालच्या माणसासाठी जागा सोडली. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं त्याचं ओझं एकट्या तामाती पारातांनी वाहिलं. मी त्यांची ऋणी आहे."

छापखानेवाला म्हणाला, उशीर झाला. मी म्हटलं, सत्तेचाळीस वर्षं झालाय, आणखी चार दिवस होऊ दे. ऑसीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्या रात्री पाव करपले होते. तेही घाल."

पानाच्या शेवटी ते घातलंय.

आता कामाचं बोलते. शेवटची उतरणी १२ एप्रिलला ठरवलीय. त्यानंतर त्या डोंगरावर मेंढरू असणार नाही. त्या सोंडेवर सगळ्यांत वरची जागा मी घेतेय, रॉरीकाकांची. मधली माझ्या भाच्याला, धाकट्या बहिणीच्या मुलाला, दिलीय. बाबांची जागा, सगळ्यांत खालची, रिकामी आहे. तिथे आता गाडी जाते, गुडघ्यांचं कारण चालणार नाही. खुर्ची मी आणीन. तुमची मुलगी रागावली तर तिलाही घेऊन या, मोठी खुर्ची आणीन.

दिवसभर नुसतं बसायचं आणि हाक आली की उत्तर द्यायचं. संध्याकाळी खोपीपर्यंत घोडागाडीनं नेईन. गेरू कालवून ठेवलाय. त्या खरवडलेल्या जागी मी हात लावलेला नाही, तिथे तुम्हीच लिहायचं.

धुकं पडेल असं ऑसी म्हणतो.

तुमची,
एल्सी

*

टिमारू,
३१ मार्च

एल्सी,

मुलगी रागावली. मग तिनं माझे जुने बूट शोधून काढले आणि तेल लावलं.

बारा तारखेला पहाटे आम्ही पोचतो. या वर्षी मटण मी आणतोय, पुठ्ठ्यावर सत्तेचाळीस लिहून.

धुकं पडलं तर पडू दे. तू वरून हाक मार, मग तुझा भाचा मला हाक मारेल. तीनदा मारायची वेळ येणार नाही. पहिल्याच हाकेला उत्तर देईन.

तामातीकाका